शांततेचे दप्तर कोणाच्या हाती?

१

शांततेला पैसा लागतो आणि माणसे लागतात. शांततेवरच्या भाषणांत ही गोष्ट सहसा बोलली जात नाही. तेथे करुणा असते, बंधुभाव असतो, मानवता असते. पण काम करायचे म्हटले की एक खोली लागते, एक टेबल लागते, एक दप्तर लागते, त्या दप्तरापुढे बसणारा माणूस लागतो आणि महिन्याच्या शेवटी त्या माणसाला द्यायचा पगार लागतो. हा पगार कोण देतो आणि त्या टेबलापुढे कोण बसतो, यावरून ती शांतता कोणाची हे ठरत असते. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न इतिहासाच्या आधाराने तपासायचा आहे.

आरंभ जगाच्या पातळीवरून करू. २० डिसेंबर २००५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने आणि सुरक्षा परिषदेने एकाच दिवशी ठराव करून शांतताबांधणी आयोग स्थापन केला. यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या देशांत पुन्हा आग भडकू नये, तेथे न्यायालये, शाळा, शेती आणि प्रशासन पुन्हा उभे राहावे, हा त्यामागचा हेतू. बुरुंडी आणि सिएरा लिओन हे पहिले दोन देश या आयोगाच्या कामात आले. आयोगाच्या मदतीला न्यूयॉर्कमध्ये एक साहाय्य कार्यालय काढायचे ठरले. त्या कार्यालयाविषयी ठरावात जे म्हटले आहे ते मनन करण्यासारखे आहे. कार्यालय लहान असावे, तेथे पात्र तज्ज्ञ नेमावेत आणि हे सर्व आहे त्याच पैशात भागवावे! जगातल्या युद्धांच्या राखेतून देश उभे करायचे आणि त्यासाठी वेगळी तरतूद मात्र करायची नाही. पुढे ऑक्टोबर २००६ मध्ये शांतताबांधणी निधी सुरू झाला. २५ कोटी डॉलर जमवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. परंतु हा निधी ऐच्छिक देणग्यांचा होता. ज्याला वाटेल त्याने द्यावे, वाटेल तेवढे द्यावे, वाटेल तेव्हा थांबवावे.

आयोगाची रचनाही पाहण्यासारखी आहे. सभासद एकतीस. त्यांत सुरक्षा परिषदेचे सात, आर्थिक व सामाजिक परिषदेचे सात, आमसभेने निवडलेले सात. उरलेल्या दहांपैकी पाच जागा सर्वांत जास्त पैसा देणाऱ्या देशांना आणि पाच जागा शांतिसेनेला सर्वांत जास्त सैनिक व पोलीस पुरवणाऱ्या देशांना. पहिल्या वेळी पैसा देणाऱ्यांत जर्मनी, इटली, जपान, नेदरलंड्स व नॉर्वे होते. माणसे देणाऱ्यांत बांगलादेश, घाना, भारत, नायजेरिया आणि पाकिस्तान होते. एका ओळीत सगळे जग आले. पैसा एकीकडचा, अंगमेहनत आणि रक्त दुसरीकडचे.

ही विभागणी वाचून दलित वाचकाला नवल वाटणार नाही. ती त्याने आपल्या गावात पाहिलेली आहे.

२

गावगाड्यात शांतता राखण्याचे काम कोणाकडे होते? गावाची वेस राखणे, रात्रीचा पहारा करणे, परका माणूस गावात आला तर पाटलाला वर्दी देणे, सरकारी खजिन्याबरोबर जाणे, शिवेचा तंटा निघाला तर हद्द कोठून कोठे जाते याची साक्ष देणे, ही कामे महाराची. आज आपण ज्याला संरक्षण, दळणवळण आणि तंटानिवारण म्हणतो त्याचा बराचसा भार महार उचलत होता. शिवेच्या वादात त्याच्या शब्दाला वजन होते, कारण त्याच्याइतकी गावची माती कोणी पायाखाली घातलेली नव्हती. पण तंट्याचा निवाडा जेथे होई त्या चावडीवर त्याला बसायला जागा नव्हती. तो खाली उभा राहून साक्ष देई आणि वर बसलेले लोक निर्णय देत. कामाला तो होता, निर्णयाला नव्हता.

आणि त्याचा पगार? बलुते, वतनाचा तुकडा, मेलेले जनावर आणि दारोदारची भाकरी. काम सरकारचे आणि मोबदला गावाच्या मर्जीवर. या व्यवस्थेतले विष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनकायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे हीच दृष्टी होती. ज्याचा मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर असतो त्याचा स्वाभिमानही दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा पुढे १९५८ साली झाला. म्हणजे तीस वर्षे गेली.

इतिहासाचा हा पहिला धडा आहे. शांततेच्या कामात दलित नव्हते असे कधीच झाले नाही. ते नेहमीच होते, पण बिनपगारी पहारेकरी म्हणून. आधुनिक काळातही ही परंपरा वेगळ्या वेशात चालू राहिली. १९४१ साली बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची आठवी पलटण १९८७ साली श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत लढत होती आणि त्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पलटण आता एका जातीची राहिलेली नाही, हे योग्यच झाले. पण कोणत्या देशात कोणती शांतता प्रस्थापित करायची हे ठरवणाऱ्या टेबलापाशी सैनिक कधी बसत नाही, मग तो कोणत्याही जातीचा असो. चावडी उंच होत गेली, एवढाच फरक.

३

आता १९३२ सालाकडे वळू. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. विभक्त मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या. सवर्ण हिंदू आणि अस्पृश्य यांच्यामधला तो एक तह होता, आणि प्रत्येक तहानंतर जो प्रश्न येतो तोच येथे आला. कागदावरची शांतता माणसांच्या वागण्यात उतरवणार कोण? ३० सप्टेंबरला मुंबईत पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर सभा होऊन अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संस्था काढण्यात आली. तिचेच नाव पुढे हरिजन सेवक संघ झाले. कचेरी दिल्लीत. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर. आजच्या भाषेत बोलायचे तर हे एक शांतताबांधणी कार्यालयच होते. तहानंतर काढलेले, प्रांतोप्रांती शाखा असलेले, पैसा व माणसे गोळा करून दोन समाजांतले वैर मिटवू पाहणारे.

यापूर्वीचा अनुभव उत्साहवर्धक नव्हता. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी काँग्रेसने एक कोटीचे उद्दिष्ट ठेवले आणि ते गाठले. १९२२ च्या बारडोली कार्यक्रमात अस्पृश्योद्धाराचे कलम होते. त्यासाठी समिती नेमली, तीत स्वामी श्रद्धानंद होते. या माणसाला काम खरोखरच करायचे होते. परंतु रकमेवरून घासाघीस आणि पत्रापत्री यांतच दिवस गेले. श्रद्धानंदांनी राजीनामा दिला आणि १९२३ साली हे काम हिंदू महासभेकडे सोपवून काँग्रेसची कार्यकारिणी मोकळी झाली. कोटीचा फंड जमवणाऱ्यांना या एका कलमासाठी पैसा सापडला नाही. एखाद्या संस्थेला काय महत्त्वाचे वाटते हे तिच्या ठरावांत शोधण्यापेक्षा तिच्या जमाखर्चात शोधावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

१९३२ ची संस्था मात्र पैशाच्या बाबतीत भाग्यवान होती. अध्यक्षच उद्योगपती. नोव्हेंबर १९३३ पासून गांधीजींनी सुमारे नऊ महिने देशभर दौरा केला आणि त्यात आठ लाखांच्या आसपास रुपये जमले. प्रश्न होता तो कार्यक्रमाचा आणि माणसांचा.

बाबासाहेब प्रारंभी या संस्थेच्या मध्यवर्ती मंडळावर होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी त्यांनी बोटीवरून ठक्करांना एक सविस्तर पत्र लिहिले. दलित चळवळीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने ते अभ्यासावे. त्यात त्यांनी आधी दोन दृष्टिकोन वेगळे केले. एक म्हणतो, अस्पृश्याचे दारिद्र्य त्याच्या दुर्गुणांमुळे आहे, म्हणून त्याला दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय द्या, म्हणजे तो सुधारेल. दुसरा म्हणतो, माणूस ज्या परिस्थितीत ठेवला गेला आहे ती परिस्थिती बदला. बाबासाहेबांनी दुसरा मार्ग मांडला. विहिरीवर पाणी, शाळेत प्रवेश, चावडीवर जागा, सार्वजनिक वाहनांचा वापर, हे नागरी हक्क गावोगाव प्रत्यक्ष बजावून घेण्याची मोहीम काढा. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव आहे तो उठवा. सवर्णांनी आपल्या घरांची दारे उघडावीत. यात संघर्ष होईल, डोकी फुटतील, हे त्यांनी लपवले नाही. कमीत कमी विरोधाची वाट धरून काही साधणार नाही, सवर्णाला विचार करणे भाग पडले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

चावडीचा उल्लेख येथे पुन्हा आला, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. ज्या ठिकाणी महार पिढ्यान्पिढ्या उभा राहिला तेथे त्याने बसावे, हा शांततेच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून त्यांनी मांडला.

पत्राच्या अखेरीस माणसांचा प्रश्न आहे. या मोहिमेला खेड्यापाड्यांत कार्यकर्त्यांची फौज लागेल. ते कार्यकर्ते कोठून आणायचे? बाबासाहेबांचे म्हणणे असे की, ज्याला या कामाविषयी प्रेम आहे त्याच्याच हातून सेवा घडते, यासाठी त्यांनी टॉलस्टॉयचा दाखला दिला, आणि असे कार्यकर्ते अस्पृश्य समाजातच मिळण्याचा संभव अधिक. पगारासाठी कोणतेही काम करणाऱ्या भाडोत्री माणसांवर हे काम सोपवू नये. या पत्राची साधी पोचही आली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे नमूद केले आहे. यथावकाश ते संस्थेतून बाहेर पडले.

संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान असावे अशी मागणी पुढेही झाली. तिला गांधीजींकडून मिळालेल्या उत्तराचा आशय असा होता. अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप, म्हणून प्रायश्चित्त सवर्णांनी घ्यायचे, पैसाही सवर्णांनी दिलेला, तेव्हा संस्था त्यांनीच चालवावी. अस्पृश्यांनी हवे तर सल्लागार मंडळे काढावीत.

या उत्तरात प्रामाणिकपणा नव्हता असे म्हणण्याचे कारण नाही. प्रायश्चित्ताची भावना खरी होती. पण तिचा परिणाम काय झाला? ज्याच्यावर अन्याय झाला तो आपल्याच न्यायाच्या कामात बाहेरचा ठरला. देणेकऱ्याने आपले देणे किती, ते कसे फेडायचे आणि केव्हा फेडायचे हे स्वतःच ठरवले आणि घेणेकऱ्याला सल्ला देण्याची मुभा दिली. संस्थेचे नावसुद्धा ज्यांच्यासाठी ती होती त्यांना विचारून ठेवलेले नव्हते. ‘हरिजन’ या नावाविरुद्ध १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत आक्षेप घेतला आणि तो डावलला गेला तेव्हा सभात्याग केला. पैसा ज्याचा त्याचे नाव, माणसे ज्याची त्याचा कार्यक्रम, आणि शांतता मात्र आमची!

४

याच वर्षी, याच वादाचे एक वेगळे रूप कोकणात घडत होते. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी मालवण, देवगड, कणकवली, वेंगुर्ले हा सारा पट्टा रत्नागिरी जिल्ह्यात होता. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेलेले सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन तेव्हा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातले पायखाने साफ करण्याचे काम, ज्याला त्या काळी भंगीकाम म्हणत, ते आपल्याला द्यावे अशी त्यांनी मागणी केली. अधिकाऱ्यांनी नकार दिला, कारण ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचे अशी तुरुंगाची रीत होती. इंग्रजांच्या तुरुंगातसुद्धा चातुर्वर्ण्य चालत होते. आप्पासाहेबांनी अन्न कमी करून प्रतिकार आरंभला. ३ डिसेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर दुसऱ्या दिवशी तो सोडला.

पुढे ५ मे १९४८ रोजी आप्पासाहेबांनी कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम काढला. संडास, मैलाखत, मेलेल्या जनावरांची कातडी काढणे व कमावणे, ही कामे त्यांनी सवर्ण कार्यकर्त्यांसह हाती घेतली. ‘गोपुरी संडास’ हे नाव कोकणात रूढ झाले. १९७१ साली ते वारले.

या कामाकडे दलितांनी कसे पाहावे? एक उत्तर सरळ उपहासाचे आहे. पण इतिहासाचा अभ्यासक एवढ्यावर थांबू शकत नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी महारांना सांगितले की मेलेले जनावर ओढू नका, त्याचे मांस खाऊ नका, ही कामे टाका. महारांनी टाकली. त्यानंतर गावापुढे प्रश्न उभा राहिला की ते जनावर उचलणार कोण? गावाचे उत्तर बहिष्काराचे होते, मारहाणीचे होते. आप्पासाहेबांचे उत्तर वेगळे होते. ते म्हणजे, ज्याचे जनावर त्याने उचलावे. दलिताने ओझे टाकायचे आणि सवर्णाने आपले ओझे स्वतः उचलायचे, ही एकाच क्रियेची दोन अंगे आहेत. पहिले अंग चळवळीने घडवले. दुसरे अंग घडवू पाहणारी माणसे फार थोडी निघाली आणि त्यांत आप्पासाहेब होते. दिल्लीच्या कचेरीतून पत्रके काढणाऱ्यांपेक्षा हा माणूस वेगळा होता, कारण त्याने शांततेचे काम दुसऱ्याकडून करवून घेतले नाही, स्वतः केले.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो गोपुरीपुरता नाही. आप्पासाहेबांनी झाडू मागितला. जो मागून घेतो तो परतही देऊ शकतो. ज्याच्या हातात तो जन्माने आला त्याला तो खाली ठेवण्यासाठी कोणी उपवास केला? सवर्णाने केले की ते काम व्रत होते, दलिताने केले की ते कर्तव्य ठरते. व्रताला पगार नसतो आणि जातीच्या कर्तव्यालाही नसतो. ज्याला ठरलेला पगार आहे, रजा आहे, संरक्षक साधने आहेत आणि जे सोडून दुसरे धरता येते तेच माणसाचे काम. या दिशेने पाऊल पडायला कायदा लागला. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. प्रायश्चित्ताने माणूस बदलतो, कधीकधी. व्यवस्था बदलायला हक्क लागतो.

५

मग दलितांनी दुसऱ्याचा पैसा घेऊच नये काय? दुसऱ्याची माणसे संस्थेत नकोतच काय? बाबासाहेबांचे उदाहरण याचे स्पष्ट उत्तर देते. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे होते, बाळासाहेब खेर होते, पारशी होते, ज्यू गृहस्थ होते. परंतु व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, खजिनदार निवृत्ती तुळशीराम जाधव. मोठ्या नावांना मान, त्यांच्या मदतीचे स्वागत. पण दप्तर, तिजोरी आणि कार्यक्रम बहिष्कृतांच्या हाती. बिर्लांच्या संघाची रचना याच्या नेमकी उलटी होती. तेथे बहिष्कृतांना मान होता आणि तिजोरी दुसरीकडे होती.

पैसा दुसऱ्याचा असण्यात पाप नाही. पैशाबरोबर खुर्चीही त्याचीच होऊन बसते, तेथे बिघडते.

या परंपरेची एक शाखा मालवणी मुलखातही वाढली आहे, तिची नोंद इतिहासात होत नाही एवढेच. मालवण, देवगड, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या भागांतल्या वाड्यांतून माणसे मुंबईला गेली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, पालिकेत लागली. त्यांनी मुंबईत आपापल्या गावाची मंडळे काढली. दर घरटी वर्गणी, तिची पावती, वर्षाच्या सभेत उभे राहून हिशेबाचे वाचन. त्या पैशातून गावी विहार उभा राहतो, मुलांना वह्यापुस्तके मिळतात, जयंती होते, कोर्टकचेरी झाली तर वकिलाची फी जाते. भावकीतले तंटेही पुष्कळदा याच मंडळांत मिटतात. येथे काम करणाऱ्याला पगार नाही, हे खरे. पण येथे कोणी कोणावर उपकारही करीत नाही. हिशेबात चार आण्यांची तफावत निघाली तरी एखादा म्हातारा गिरणीकामगार उभा राहून जाब विचारतो आणि चिटणिसाला उत्तर द्यावे लागते. वर्गणीदाराचा हा अधिकार देणगी घेणाऱ्याला कधीच मिळत नाही.

या मंडळांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती आपल्या वाडीपुरती, बहुधा आपल्या जातीपुरती राहतात. सभेत बायकांचा आवाज कमी असतो. गावच्या सवर्णाशी बोलणी करण्याची वेळ आली तर हे मंडळ त्याच्या दारी बरोबरीच्या नात्याने जाऊ शकत नाही, कारण त्याच्यामागे राज्यसत्तेचे बळ नसते. म्हणून स्वतःची वर्गणी आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही. अन्यायाने झालेले नुकसान भरून काढण्याचा खर्च अन्याय सोसणाऱ्याच्याच वर्गणीतून का व्हावा?

६

येथे आपण पुन्हा न्यूयॉर्कच्या कार्यालयाकडे येतो. आहे त्या पैशात चालवायचे म्हणून काढलेले ते कार्यालय १ जानेवारी २०१९ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या राजकीय व शांतताबांधणी खात्यात सामील केले गेले. ऐच्छिक देणग्यांवर चालणारा निधी वर्षानुवर्षे देणगीदार देशांच्या तोंडाकडे पाहत राहिला. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये आमसभेने ठरवले की २०२५ पासून दरवर्षी ५ कोटी डॉलर सर्व सभासद देशांच्या बांधील वर्गणीतून या निधीला द्यावेत. जगाच्या युद्धखर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. पण तत्त्व किरकोळ नाही. देणगी थांबवता येते, वर्गणी मागता येते. देणगी देणारा अटी घालतो, वर्गणी देणाऱ्याला हिशेबापलीकडे काही मागता येत नाही. अठरा वर्षांनी जगातल्या राष्ट्रांना जे थोडेसे उमगले ते वाडीतल्या वर्गणीदाराला आधीपासून ठाऊक होते.

आपल्या देशातही हाच वाद अर्थसंकल्पात झाला. १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली. लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेचा पैसा वेगळा ठेवायचा, हे तिचे सूत्र. प्रायश्चित्त नाही, दान नाही, हिस्सा. पण त्या पैशावरची खुर्ची कोणाची? दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी हा पैसा वळवला गेल्याचे २०१० साली केंद्र सरकारला संसदेत मान्य करावे लागले. पैसा बांधील झाला, तरी दप्तर दुसऱ्याच्या हाती असेल तर तो मैदानाच्या दिव्यांत जळून जातो. दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात.

७

आता गावपातळीवर येऊन समारोप करू. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावात समिती नेमायची, तंटे गावातच सामोपचाराने मिटवायचे आणि यशस्वी गावाला लोकसंख्येनुसार बक्षिसाची रक्कम द्यायची. कोर्टाचे हेलपाटे कोणाला हवे आहेत? बांधाचा, वाटेचा, भावाभावांचा तंटा गावात मिटला तर चांगलेच. पण बक्षीस तंटे नसण्याला असेल, तर तंटा मांडणारा माणूस गावाच्या बक्षिसाच्या आड येतो. ज्या बाईला पाणवठ्यावर जातीवरून बोलले गेले ती तक्रार घेऊन निघाली, तर तिला थांबवण्यात आता साऱ्या गावाचा पैशाचा हितसंबंध तयार होतो. तिला सांगितले जाते, मिटवून घे, गावाचे नाव जाईल. जेथे कोणी तक्रार करीत नाही तेथे शांतता असते असे मानले, तर पेशवाईइतके शांत गाव दुसरे नव्हते.

याउलट दुसरे एक दप्तर कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला दिलेले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. तीत अनुसूचित जाती-जमातींचे अशासकीय सदस्य पाचपर्यंत आणि इतर समाजांतले, स्वयंसेवी कामाशी संबंधित असे सदस्य तीनपर्यंत घेता येतात. ही रचना लक्षपूर्वक वाचावी. ज्याच्यावर अन्याय होतो तो येथे साक्षीदार म्हणून उभा नाही, सदस्य म्हणून बसलेला आहे. सवर्ण सहकाऱ्यालाही जागा आहे. पीडिताचे अर्थसाहाय्य नियमाने ठरलेले आहे, कोणाच्या दयेवर नाही. १९३२ साली बोटीवरून लिहिलेल्या पत्रात जे मागितले होते त्याचा एक अंश येथे कायद्यात आला आहे.

पण कायद्यातली खुर्ची रिकामी राहू शकते, किंवा तीवर कोणी मुका माणूस बसवला जाऊ शकतो. म्हणून कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आपापल्या जिल्ह्यात काही साध्या गोष्टी विचारल्या पाहिजेत. आपल्या जिल्ह्याच्या या समितीवर अशासकीय सदस्य कोण आहेत? गेल्या वर्षात तिच्या बैठका किती झाल्या? किती पीडितांना रक्कम मिळाली आणि किती दिवसांनी? समाजकल्याण कार्यालयात ही माहिती असते आणि माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालापासून आपल्या हातात आहे. अर्ज कोऱ्या कागदावर होतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो.

बुरुंडीत, सिएरा लिओनमध्ये किंवा मालवणच्या किनाऱ्यावर, शांततेची परीक्षा सारखीच आहे. पैसा हक्काचा आहे काय, काम पगाराचे आहे काय, हिशेब विचारता येतो काय, आणि चावडीवर खाली उभा असणारा माणूस आता वर बसला आहे काय? जेथे या चारही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी नाहीत तेथे फलकावर काहीही लिहिलेले असो, तंटा अद्याप मिटलेला नाही. तो नोंदवून घेणे हेच शांततेचे पहिले काम आहे.